दासकम्मकर ते नागरिक : उचल, वेठ आणि कामगार कायद्याचे अध्ययन

खानदेशात आखाजी हा केवळ सण नाही. शेतीच्या व्यवहारात तो वर्षारंभही आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास सालदार ठरतो, म्हणजे एका शेतमालकाकडे सालभर राबण्याचा बोल होतो, आणि त्या बोलाबरोबर काही रक्कम आगाऊ हाती पडते. पावसाळा सरला की नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या तालुक्यांतून आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत आणि अन्यत्र जातात. तेव्हाही मुकादमाने दिलेली रक्कम बहुधा आधीच खर्च झालेली असते. या रकमेला लोक ‘उचल’ म्हणतात. पैसा आधी घ्यावयाचा आणि श्रमाने तो फेडावयाचा, हा तिचा व्यवहार.

उचल घेतलेला मनुष्य कायद्याच्या दृष्टीने कोण ठरतो? तो ऋणको आहे, दास आहे, की कामगार आहे? हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटेल. परंतु त्याची मुळे पालि साहित्यात सापडतात आणि त्याचे आधुनिक उत्तर घडविण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा फार मोठा आहे. म्हणून कामगार कायदा हा कायद्याच्या विद्यार्थ्याने परीक्षेपुरता उरकावयाचा विषय नसून तो आपल्या अध्ययनपरंपरेचा स्वाभाविक विस्तार आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

ऋण आणि दास्य : पालि साहित्याची साक्ष

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थाच्या विनयाचे सुत्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात तथागतांनी सहा दिशांचा नवा अर्थ सांगितला. खालची दिशा म्हणजे दास आणि कम्मकर, अर्थात घरी व शेतावर राबणारी माणसे. मालकाने त्यांच्या बाबतीत पाच कर्तव्ये पाळावीत : त्यांच्या शक्तीनुसार काम नेमून द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थांत त्यांना वाटेकरी करावे आणि योग्य वेळी कामातून मोकळे करावे. आचार्य बुद्धघोषांच्या अट्ठकथेत शेवटच्या कर्तव्याचा अर्थ असा उलगडला आहे की, दिवसभर राबून माणसे थकू नयेत म्हणून त्यांना नित्य वेळेवर सोडावे आणि सणासुदीला विशेष सुट्टी द्यावी. कामाचे प्रमाण, वेतन, आजारपणातील संरक्षण आणि विश्रांती या चार गोष्टी आजच्या कामगार कायद्याचीही चार अंगे आहेत.

तथापि अभ्यासकाने येथे थांबून एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सिगालोवादात मालकाची कर्तव्ये आहेत, कम्मकराचे हक्क नाहीत. मालकाने कर्तव्य मोडले तर कम्मकराने कोणाकडे जावे, याचे उत्तर त्या सुत्तात नाही. ते उपदेशाचे सुत्त आहे, दंडविधानाचे नव्हे. दास्याची संस्था तत्कालीन समाजात रुजलेली होती आणि संघालाही तिच्याशी व्यवहार करावा लागत होता. महावग्गात दासाला व ऋणग्रस्ताला प्रव्रज्या देऊ नये असा नियम आहे आणि उपसंपदेच्या वेळी उमेदवार स्वतंत्र आहे ना, ऋणमुक्त आहे ना, असे विचारले जाते. या नियमाचे समर्थन करण्याची आवश्यकता नाही. त्यातून मिळणारी ऐतिहासिक माहिती मोलाची आहे. दास आणि ऋणी या दोघांवर दुसऱ्या माणसाचा दावा असे, म्हणून दोघांची चौकशी एकाच ठिकाणी होत असे.

हा संबंध अन्यत्रही दिसतो. सामञ्ञफल सुत्तात पाच नीवरणांना ऋण, रोग, कारागृह, दास्य आणि संकटमय वाट यांच्या उपमा दिल्या आहेत; नीवरणांतून सुटलेल्या साधकाचा आनंद ऋणमुक्त झालेल्या व दास्यातून सुटलेल्या माणसाच्या आनंदासारखा सांगितला आहे. उपमा श्रोत्यांच्या अनुभवातील असल्यावाचून पटत नाही. थेरीगाथेत इसिदासी थेरी आपल्या एका पूर्वजन्माची हकीकत सांगते : ती एका दरिद्री गाडीवानाची मुलगी होती, घर सावकारांच्या तगाद्याखाली होते आणि व्याज फार वाढले म्हणून सार्थवाहाने रडत असलेल्या त्या मुलीला घरातून ओढून नेले. कर्ज बापाचे आणि दास्य मुलीचे, असा हा व्यवहार आहे. ऋणाचे दास्यात रूपांतर कसे होते, याची इतकी स्पष्ट नोंद प्राचीन भारतीय साहित्यात विरळाच.

त्याच साहित्यात दास्याला छेद देणारे विचारही आहेत. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत सत्तवणिज्जा येते आणि अट्ठकथा तिचा अर्थ माणसांची विक्री असा करते. सामञ्ञफल सुत्तातच तथागत अजातशत्रूला विचारतात की, तुझाच एखादा दास प्रव्रजित झाला तर तू त्याला पुन्हा कामावर बोलावशील काय? राजा म्हणतो की नाही, उलट मीच त्याला वंदन करीन. दास्य हा जन्मसिद्ध गुण नसून बदलता येणारी स्थिती आहे, हे राजाच्याच मुखाने वदवून घेतले आहे. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात, जो १९५७ साली प्रकाशित झाला, गृहस्थांच्या विनयात मालक व सेवक यांच्या विनयाला स्वतंत्र स्थान दिले. हे त्यांनी लिहिले तेव्हा त्यांच्या पाठीशी चार वर्षांचा श्रममंत्रिपदाचा अनुभव होता, हे विसरता येत नाही.

जेव्हा कायदा उचलीच्या बाजूने होता

आधुनिक काळात कायदा आला म्हणजे श्रमिकाची बाजू आपोआप बळकट झाली, असा समज चुकीचा आहे. १८५९ साली ब्रिटिश सरकारने श्रमिकांच्या करारभंगासंबंधी तेरावा कायदा केला. कारागीर, कामकरी किंवा मजूर यांनी आगाऊ रक्कम घेऊन काम केले नाही, तर न्यायदंडाधिकारी त्यांना काम पूर्ण करण्याचा किंवा रक्कम परत करण्याचा हुकूम देऊ शकत असे. तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होती. मालकाने शब्द मोडला तर तो दिवाणी वाद आणि मजुराने मोडला तर तो फौजदारी अपराध, अशी ही विषमता होती. हा कायदा रद्द करण्याचा निर्णय १९२५ साली झाला. म्हणजे सुमारे पासष्ट वर्षे उचल ही मजुराला तुरुंगात पोहोचविणारी वस्तू होती.

ज्यांच्या श्रमाला करारच नव्हता अशांची स्थिती याहून निराळी होती. महार वतनात काम जन्माने ठरत असे, कामाची मर्यादा ठरलेली नसे, आणि वतनदाराच्या बदली घरातील कोणालाही राबावे लागे. मोबदला म्हणजे तुटपुंजी वतनी जमीन आणि गावाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावनोकरांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला. परंतु १९२८ च्या विधेयकातील मूळ प्रश्न कामगार कायद्याचाच होता : काम किती, कोणाचे, केव्हा आणि किती वेतनावर? त्याच वर्षी जुलैमध्ये कामगार स्त्रियांना प्रसूतीच्या काळात रजा व भत्ता देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि १९२९ साली त्याचा कायदा झाला. महाराच्या वेठीचा आणि गिरणीतील बाळंतिणीचा विचार एकाच वर्षी एकाच प्रतिनिधीने केला, यात योगायोग नाही. दोहोंच्या मुळाशी श्रम करणाऱ्या देहाची प्रतिष्ठा होती.

संप, गुन्हा आणि गुलामगिरी

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या जुलै अखेरीस ते न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. खानदेशातील अनुयायी ३१ जुलैला त्या स्मृतीप्रीत्यर्थ तेथे जमतात. पुढे दीड महिन्यांतच, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी विधिमंडळात खोती पद्धती नष्ट करणारे विधेयक मांडले. वकील, शेतकऱ्यांचा कैवारी आणि कामगारांचा पुढारी या त्यांच्या तीन भूमिका त्या काळात परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

१९३८ च्या औद्योगिक विवाद विधेयकावर त्यांनी केलेले भाषण कामगार कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. त्या विधेयकाने काही परिस्थितीत संप हा दंडनीय अपराध ठरत होता. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा सारांश असा : नोकरीचा करार मोडणे हा दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, त्यासाठी शिक्षा ठेवली तर माणसाला इच्छेविरुद्ध काम करण्यास भाग पाडल्यासारखे होते आणि इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजेच गुलामगिरी. १८५९ च्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर हा युक्तिवाद वाचला म्हणजे त्याचे सामर्थ्य कळते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध मुंबईत जो संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी कामगार पुढारी एकत्र आले होते.

या भाषणामागे कायद्याच्या अध्यापनाचीही तयारी होती. १९३५ पासून १९३८ पर्यंत बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि १९३६ साली त्यांनी मुंबई इलाख्यातील विधिशिक्षणाच्या सुधारणेवर एक निबंध लिहिला. कायद्याचे शिक्षण कसे असावे, याचा विचार ते विधिमंडळातील लढ्याबरोबरच करीत होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाची दुरुस्ती, १९४३ मधील कामगार संघटनांना मान्यता देण्यासंबंधीचे विधेयक, मालकाने नोकरीच्या अटी लेखी स्वरूपात ठरवून त्या प्रमाणित करून घ्याव्यात असा दंडक घालणारा १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा, बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती, आणि एप्रिल १९४६ मध्ये मांडलेले किमान वेतन विधेयक ही त्या काळातील कामे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ४८ तासांचा पहिला करार १९१९ सालीच केला होता, पण त्यात भारतासाठी ६० तासांची वेगळी मर्यादा ठेवली होती. ती विषमता दूर व्हावयास सत्तावीस वर्षे लागली. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला आणि त्याच्या अनुसूचीत शेतीचाही समावेश होता.

सिगालोवादातील भत्तवेतन, शक्तीनुसार काम आणि योग्य वेळी सुटका यांच्याशी या कायद्यांची तुलना केली, तर जे मालकाच्या शीलावर सोपविले होते ते राज्याच्या आज्ञेत आले, असे म्हणता येते. शीलाची आवश्यकता त्यामुळे संपली नाही. मात्र दुःशील मालकाच्या पदरी राबणाऱ्यालाही आधार मिळाला.

संविधानाचा तेविसावा अनुच्छेद आणि १९७६ चा कायदा

संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, वेठ आणि तत्सम सक्तीचे श्रम यांना मनाई केली. मूलभूत हक्क बहुधा राज्याविरुद्ध मागावयाचे असतात. हा हक्क मात्र खाजगी मालकाविरुद्धही चालतो. १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धेच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, किमान वेतनापेक्षा कमी वेतनावर काम करून घेणे हेही सक्तीचे श्रम होत. भुकेची सक्ती ही देखील सक्तीच आहे, हा त्या निर्णयाचा गाभा. पुढच्याच वर्षी, बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात, सक्तीचे श्रम सिद्ध झाले तर ते आगाऊ रकमेच्या किंवा अन्य आर्थिक मोबदल्याच्या बदल्यात आहेत असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे सांगितले गेले.

या दोन निर्णयांच्या आधी वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ झाला होता. तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू मानला जातो. त्यातील काही तरतुदी येथे मुद्दाम नोंदवितो, कारण उचलीच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस नाममात्र वेतनावर राबत असेल, किंवा त्याचे दुसरीकडे काम करण्याचे अथवा देशात कोठेही जाण्याचे स्वातंत्र्य गेले असेल, तर ती वेठबिगारी ठरते. किमान वेतनाहून कमी वेतन हे नाममात्र वेतन होय. अशा ऋणाची परतफेड करण्याचे दायित्व नष्ट होते. एखादे ऋण वेठबिगारीचे आहे असे मजुराने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार पंधराव्या कलमाने धनकोवर टाकला आहे. १९८५ च्या स्पष्टीकरणाने कंत्राटी व आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या सक्तीच्या श्रमांचाही यात अंतर्भाव असल्याचा संशय दूर केला.

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे, हेही तितकेच खरे. परंतु १८५९ मध्ये उचलीने मजूर अपराधी होत असे आणि १९७६ नंतर त्याच उचलीविषयी धनकोला जबाब द्यावा लागतो. इसिदासीला ओढून नेणाऱ्या सार्थवाहाला कोणी पुरावा मागितला नव्हता. आता तो मागता येतो. मात्र मागणारा कोणीतरी असावा लागतो.

शहाद्याचा धडा

असे मागणारे आपल्याच भागात होऊन गेले. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातव्या दशकाच्या अखेरीस शहादा तालुक्यात आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या आणि अनेकजण जेथे पूर्वी खातेदार होते तेथेच सालदार झाले होते. अंबरसिंग सुरतवंती या भिल्ल कार्यकर्त्याच्या नेतृत्वाखाली तेथे जागृती झाली आणि १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनी परत मिळाव्यात, सालदारांचे वेतन वाढावे, अत्याचार थांबावेत या तिच्या मागण्या होत्या. आदिवासी स्त्रियांनी दारूविरुद्ध जी मोहीम चालविली, तिच्यामुळे हा लढा घराच्या आतही पोहोचला. अंबरसिंग १९७४ साली अकाली गेले. त्याच वर्षाच्या नावाने ओळखला जाणारा, अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा पुढे अमलात आला.

शहाद्याचा लढा अभ्यासताना एक गोष्ट जाणवते. वेठबिगारीचा कायदा तेव्हा व्हावयाचा होता, किमान वेतनाचा मात्र झालेला होता. कायदा पुस्तकात असणे आणि तो शेताच्या बांधावर येणे यांत जे अंतर असते, ते संघटनेने कापले. परंतु संघटनेने मिळविलेले टिकवावयाचे तर नोंदी, अर्ज, अपिले आणि युक्तिवाद यांची जाण असलेली माणसे लागतात, आणि ती विधी महाविद्यालयांतूनच यावी लागतील.

अध्ययनाची दिशा

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार विधी पदवीला कामगार व औद्योगिक कायद्याचे दोन विषय अनिवार्य आहेत. पदव्युत्तर पातळीवर त्यात विशेष अध्ययन करता येते, आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांत कामगार कायदे व कामगार कल्याण यांची स्वतंत्र पदविकाही आहे. तरीही आपले अनेक तरुण या विषयाकडे कारखान्यातील कार्मिक अधिकाऱ्याच्या नोकरीची वाट म्हणून पाहतात. ती वाट गैर नाही. पण या ज्ञानाचा सर्वांत मोठा गरजू कारखान्याच्या दाराबाहेर, फडात आणि वीटभट्टीवर आहे.

आज तर हे अध्ययन अधिकच निकडीचे झाले आहे. संसदेने २०१९ व २०२० साली चार श्रमसंहिता संमत केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. १९४८ चा किमान वेतन कायदा वेतनसंहितेत विलीन झाला. स्थायी आदेशांची अनिवार्यता पूर्वी शंभर कामगारांच्या आस्थापनेपासून होती, ती आता तीनशेपासून झाली. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदाही संहितेत गेला. पूर्वी असे पाच कामगार असले तरी तो लागू होई, आता दहा असावे लागतात. स्थलांतर भत्ता गेला, प्रवासभत्ता राहिला. मात्र स्वतःहून परराज्यात गेलेल्या कामगाराचाही व्याख्येत समावेश झाला. यातील प्रत्येक बदल अक्कलकुव्याहून सीमा ओलांडणाऱ्या टोळीच्या जीवनाला स्पर्श करतो. वेठबिगारीचा १९७६ चा कायदा मात्र या चार संहितांनी रद्द केलेला नाही, हे प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे.

त्या कायद्याच्या तेराव्या कलमानुसार जिल्ह्यात आणि उपविभागांत दक्षता समित्या असाव्या लागतात आणि त्यांवर अनुसूचित जाती किंवा जमातींतील तीन व्यक्ती नेमावयाच्या असतात. आपल्या विहारांशी संलग्न विद्यार्थ्यांनी आपल्या उपविभागातील समितीची माहिती मिळवावी, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या उचलीच्या चिठ्ठ्या कशा लिहिल्या जातात ते पाहावे, अहिराणीबरोबर भिली व पावरी समजून घ्यावी. ज्याची साक्ष घ्यावयाची त्याचीच भाषा न जाणणारा वकील पंधराव्या कलमाचा उपयोग करू शकणार नाही. ज्या कुटुंबांनी एकेकाळी वतनाची वेठ भोगली, त्यांच्या मुलांनी सालदाराच्या वेठीचा खटला चालवावा, यात केवळ परोपकार नाही. एकाच इतिहासाची दोन प्रकरणे त्यातून जोडली जातात.

पालिचा विद्यार्थी सिगालोवाद वाचतो तेव्हा तो मालकाची पाच कर्तव्ये पाठ करतो. कायद्याचा विद्यार्थी संहिता वाचतो तेव्हा तो कलमे पाठ करतो. या दोघांची वाचने एकत्र आली तर कर्तव्यामागची करुणा कलमाला मिळेल आणि कलमाचे बळ कर्तव्याला. १९५६ साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षाही झाली. दोन्ही वारशांचे उत्तराधिकारी आपण आहोत. येत्या आखाजीला सालदारांचे नवे बोल होतील, त्याआधी एखाद्या विहारात १९७६ च्या कायद्याचे एक सार्वजनिक वाचन झाले, तरी या अध्ययनाचा उचित आरंभ होईल.